उन्हाळा सरताना शरदाचा अंदाज कसा वाचावा

ऑगस्ट अर्धा सरला की हवामान संस्थांचे शरद ऋतूचे नकाशे येऊ लागतात. कुठे तपकिरी पट्टा, कुठे हिरवा, मधेच पांढरी जागा. बातमीत येईपर्यंत त्याचं एकच वाक्य उरतं, ‘यंदाचा शरद कोरडा जाणार’, आणि तेवढ्यावर माणसं पुढच्या तीन महिन्यांचे बेत ठरवून मोकळी होतात. मीही एका वर्षी तेच केलं. तपकिरी रंग बघून कोरडं धरून चाललो आणि तीनपैकी दोन महिने ओले गेले. बराच काळ मी नकाशाला दोष देत होतो. पुढे नीट वाचायला शिकलो तेव्हा कळलं, की ‘कोरडा जाणार’ असं तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ‘४० टक्के’.

हे वाचन अवघड नाही, फक्त त्याला एक क्रम आहे. आधी सरता उन्हाळा (समशीतोष्ण भागात तो ऑगस्टअखेर सरतो) समुद्रात आणि मातीत काय मागे ठेवून चालला आहे ते बघायचं, मग नकाशा उघडायचा. बहुतेक जण थेट नकाशाला हात घालतात आणि तिथेच फसतात.

१. आधी तारखा पक्क्या करा

हवामानशास्त्रातला शरद उत्तर गोलार्धात १ सप्टेंबरला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. खगोलशास्त्रातला सुरू होतो २२ किंवा २३ सप्टेंबरच्या शरद संपातापासून, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असते त्या दिवसापासून. आपल्या पंचांगातला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, तो आणखी वेगळा. अंदाजाच्या नकाशात मात्र पहिलाच शरद असतो, कारण महिन्यांच्या सरासऱ्या पूर्ण महिन्यांवर काढायला सोप्या पडतात. नकाशाच्या डोक्यावर बऱ्याचदा तीन महिन्यांची आद्याक्षरं असतात, सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ‘एसओएन’. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर तुमचा शरद मार्च ते मे, आणि खाली जिथे ऑगस्ट लिहिलं आहे तिथे फेब्रुवारी वाचा. महासागरांचं वेळापत्रक तेवढं उलटत नाही, ते सगळ्या जगाला एकच.

नकाशा कधी काढला आहे तेही बघा. जूनमध्ये काढलेला शरदाचा अंदाज आणि ऑगस्टअखेरचा अंदाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

२. तीन आठवडे स्वतः नोंद करा

एक साधी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहा: दिवसाचं कमाल तापमान, रात्रीचं किमान, संध्याकाळी पाचचा दवबिंदू, सकाळी गवतावर दव किंवा धुकं होतं का, आणि आकाश कसं होतं. आकडे जवळच्या वेधशाळेच्या नोंदीतून मिळतात. दव आणि आकाश स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

दवबिंदू हा शब्द नवा असेल तर त्याला घाबरू नका. हवा जितकी थंड झाली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बसायला लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. समजा संध्याकाळी हवा २४ अंश आहे आणि दवबिंदू १४. आकाश निरभ्र आहे, वारा पडला आहे. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडत जाते, तापमान उतरत जातं आणि १४च्या आसपास येऊन रेंगाळतं. तिथे बाष्पाचं पाणी होऊ लागतं, आणि बाष्प पाणी होताना उष्णता बाहेर टाकतं. त्या उबेमुळे पुढची घसरण मंदावते. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू हा त्या रात्रीच्या किमान तापमानाचा फार चांगला इशारा असतो. सकाळी सूर्य उगवण्याच्या सुमाराला गवताच्या पात्यावर तळहात फिरवून बघा. हात ओला झाला, तर गवत रात्रीत काल संध्याकाळी वहीत लिहिलेल्या दवबिंदूपर्यंत गार झालं होतं हे कळतं.

तीन आठवड्यांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की उन्हाळ्याचं सरणं दिसू लागतं. दुपार लवकर हार मानत नाही, आधी उतरते ती रात्र. दिवस आटत असतात: ५० अंश अक्षांशावर संपाताच्या सुमाराला रोज साडेतीन ते चार मिनिटं प्रकाश कमी होतो, २० अंशांवर जेमतेम एक मिनिट. रात्र लांबली, हवा कोरडी झाली, आकाश मोकळं राहिलं, की दुपार आणि पहाट यांतलं अंतर रुंदावत जातं. पहाटेचं धुकंही याच लांब रात्रींमुळे येतं. उलट दवबिंदू सतत चढाच राहिला, रात्री उकाडा सुटेना, तर तुमच्याकडे कोमट समुद्रावरून दमट हवा अजून येते आहे, आणि अशा हवेत पाऊस पडला तर तो जोराचा पडतो. हवा एक अंशाने तापली तर तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं.

३. समुद्राकडे बघा

सूर्य सर्वांत वर असतो जूनच्या २१ तारखेच्या सुमाराला, पण समशीतोष्ण भागात जमीन सर्वाधिक तापते ती साधारण महिन्याभराने आणि समुद्र त्याहूनही उशिरा, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये. पाणी तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी त्याच्या डोक्यावरच्या सगळ्या हवेत मावते. त्यामुळे शरदाच्या तोंडावर समुद्र म्हणजे उन्हाळ्याची साठवलेली पुंजी असते, आणि ती पुढचे दोन-तीन महिने खर्च होत राहते.

कशी खर्च होते, त्याची दोन रूपं. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, पण त्याचा कळस १० सप्टेंबरच्या सुमाराला येतो, कारण तेव्हा पाणी सर्वाधिक तापलेलं असतं. दुसरं रूप भूमध्य समुद्राचं. उन्हाळाभर तापलेल्या या समुद्राच्या डोक्यावर शरदात उत्तरेकडून सुटून आलेली थंड हवेची भोवरी येऊन बसली, की खाली कोमट दमट हवा आणि वर गारठा अशी जोडी जमते आणि आभाळ फाटतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया भागात हेच झालं. एका ठिकाणी २४ तासांत ७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि दोनशेच्या वर माणसं गेली.

तुम्ही करायचं एवढंच: समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा नकाशा उघडायचा आणि तुमच्याकडे वारा ज्या समुद्रावरून येतो तो सरासरीपेक्षा किती गरम किंवा थंड आहे ते बघायचं. नुसतं तापमान बघू नका, सरासरीपासूनचा फरक बघा.

४. माती

मातीकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिच्यातली ओल आठवड्यांचा हिशोब ठेवते. ओल्या मातीवर पडलेल्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो. माती सुकली की तो वाटा थेट हवा तापवण्यात जातो. २००३ मध्ये युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटेला आधीच सुकलेल्या मातीने असंच बळ दिलं होतं. ऑगस्टअखेर माती कोरडी असेल तर सप्टेंबर तापता राहण्याकडे कल असतो. ती तुडुंब भरलेली असेल तर शरदातला साधा पाऊसही मुरायला जागा शोधत वाहतो आणि पूर येतो. हात-दीड हात खोल खणून मातीचा गोळा वळतो का ते बघा. वळला आणि टिकला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही.

५. दूरच्या महासागरांची चौकशी करा

तीन महिने पुढचं काही सांगता येतं ते मुख्यतः प्रशांत महासागरामुळे. विषुववृत्तालगत ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश या चौकटीतलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून जास्त तापलं आणि तसंच राहिलं, की एल निनोकडे बोट दाखवतात. तेवढंच थंडावलं तर ला निना. अधेमधे असेल तर तटस्थ. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण ही चौकट हजारो किलोमीटर लांब आहे, आणि तिथलं पाणी तापलं की पावसाचे मोठे ढग जिथे उठतात ती जागाच सरकते. ती सरकली की वाऱ्यांची घडी जगभर बदलते.

या शोधाची सुरुवात भारतात झाली, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. १८८६ मध्ये भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा ऋतूभराचा अंदाज दिला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याची धुरा वाहणारे गणिती गिल्बर्ट वॉकर जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघत राहिले आणि त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाची झोक्यासारखी हालचाल सापडली: एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला कमी. हा झोका आणि एल निनो ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडलं. १९८२-८३चा जबर एल निनो मात्र बराच वाढेपर्यंत कुणाच्या ध्यानात आला नाही. त्या धड्यातून प्रशांत महासागरात सुमारे सत्तर तरंगत्या वेधशाळा नांगरल्या गेल्या. आज तुम्ही घरबसल्या बघता ते आकडे येण्यामागे एवढा खटाटोप आहे.

दुसरा नकाशा हिंदी महासागराचा. त्याची पश्चिम बाजू तापली आणि सुमात्राजवळची पूर्व बाजू थंडावली, की त्याला इंडियन ओशन डायपोल धन आहे असं म्हणतात, उलट झालं तर ऋण. याचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच सर्वांत जास्त असतो, म्हणून शरदाच्या अंदाजात त्याला टाळून चालत नाही. २०१९ मध्ये तो फार जोरात धन होता. त्या वर्षी पूर्व आफ्रिकेत पूर आले आणि ऑस्ट्रेलिया सुकून गेला.

आता टिपून ठेवा. एल निनोत सप्टेंबर ते नोव्हेंबर इंडोनेशिया आणि पूर्व ऑस्ट्रेलिया कोरड्याकडे झुकतात आणि अटलांटिकमधली चक्रीवादळं दबतात. ला निनात ती वादळं बळावतात. डायपोल धन असेल तर पूर्व आफ्रिकेतला ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस वाढण्याकडे कल असतो. ‘झुकतात’ आणि ‘कल असतो’ हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. दर एल निनो आधीच्यासारखा वागत नाही.

शिवाय ऑगस्ट ही चौकशीची उत्तम वेळ आहे. मार्च ते मे या काळात काढलेला प्रशांत महासागराचा अंदाज कच्चा असतो, कारण तेव्हा तिथली घडी मोडून नवी बसत असते. ऑगस्टपर्यंत चित्र बरंच स्थिरावलेलं असतं. चैत्र-वैशाखातल्या मथळ्यांवर विसंबू नका असं मी म्हणतो ते यासाठीच.

६. आता नकाशा उघडा

आधी कागदावर एक खेळ करा. तीस चिठ्ठ्या घ्या. तुमच्या भागातल्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या दर शरदाचा एकूण पाऊस एकेका चिठ्ठीवर लिहा. आता त्या कमी पावसापासून जास्तीकडे ओळीने लावा आणि दहा-दहाचे तीन ढीग करा: कोरडा, मधला, ओला. समजा कोरडा ढीग १८० मिलिमीटरला संपला आणि ओला २४०ला सुरू झाला. काहीच माहीत नसेल तर येणारा शरद यांपैकी कुठल्याही ढिगात पडण्याची शक्यता ३३ टक्के, तिन्ही सारख्या.

नकाशावरचा रंग सांगतो तो एवढंच, की यंदा पारडं या ३३ टक्क्यांपासून कुठल्या बाजूला कललं आहे. ‘सरासरीपेक्षा कमी, ४० टक्के’ म्हणजे कोरड्या ढिगाची शक्यता ३३ची ४० झाली. उरलेले ६० टक्के अजून मधल्या आणि ओल्या ढिगात आहेत! मी त्या वर्षी हेच वाचलं नव्हतं. आणि २४१ मिलिमीटर पडला तरी तो ‘सरासरीपेक्षा जास्त’मध्येच मोजला जाईल. रंग गडद असला म्हणजे पाऊस फार पडेल असं नाही, तो त्या ढिगात पडण्याची खात्री जास्त, एवढाच अर्थ.

हे टक्के येतात कुठून? इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान केंद्राचं उदाहरण घ्या. त्यांचं संगणकावरचं मॉडेल एकच शरद ५१ वेळा चालवतं, दर वेळी सुरुवातीची स्थिती अगदी सूक्ष्म फरकाने बदलून. समजा त्यातल्या २३ वेळा शरद ओल्या ढिगात पडला, तर ५१त २३, म्हणजे ४५ टक्के. सुरुवातीचा फरक इतका महत्त्वाचा का, ते अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये कळलं. त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि संगणकातलं हवामान काही आठवड्यांनी पार निराळ्या वाटेला गेलं. म्हणूनच १४ ऑक्टोबरला पाऊस पडेल का हे ऑगस्टमध्ये कुणी सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

पांढऱ्या जागेची गल्लत नवख्यांकडून हमखास होते. काही नकाशांत पांढरं म्हणजे ‘तिन्ही ढिगांची शक्यता सारखी’, ‘सरासरीइतका पाऊस’ नव्हे. सूची वाचल्याशिवाय रंगाचा अर्थ लावू नका.

आणि तापमानाचा नकाशा जवळजवळ सगळीकडे लाल दिसला तर दचकू नका. तुलना १९९१-२०२० सारख्या मागच्या काळाशी चालली आहे, आणि पृथ्वी त्यानंतरही तापतच गेली आहे. त्या लालीतला काही भाग यंदाच्या ऋतूचा, काही दीर्घकाळच्या तापण्याचा. यंदाची बातमी ओळखायची असेल तर गेल्या चार-पाच वर्षांचे याच महिन्यातले नकाशे शेजारी ठेवा.

७. कुठे किती विश्वास ठेवायचा

उष्ण कटिबंधात जास्त, समशीतोष्ण भागात कमी. तापमानावर जास्त, पावसावर कमी. एल निनो किंवा ला निना जोरात असेल तर जास्त, तटस्थ वर्षी कमी. चांगल्या संस्था अंदाजासोबत मागच्या वर्षांतले अंदाज कुठे किती जुळले याचा नकाशाही देतात. तो नकाशा तुमच्या भागात फिका असेल, तर अंदाजाच्या गडद रंगाला फार मान देऊ नका.

८. ऋतूकडून दिवसाकडे उतरा

ऑगस्टअखेर ऋतूचा नकाशा. सप्टेंबरपासून दर आठवड्याला पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा कल. मग पाच दिवसांचा अंदाज, आणि आभाळ भरून आलं की रडारवरचे पुढचे दोन-तीन तास. खालच्या पायरीवर काही कळलं की वरची पायरी सोडून द्यायची.

शरदात एक खास अडचण येते. चक्रीवादळाचं उरलंसुरलं अंग समशीतोष्ण भागाकडे वळलं की पाच-सात दिवसांचा अंदाजही डगमगतो. १६ ऑक्टोबर २०१७ ला ओफेलिया नावाच्या वादळाचं उरलेलं रूप आयर्लंडवर येऊन थडकलं. त्याच्या वाऱ्याने सहाराची धूळ आणि पोर्तुगालमधल्या वणव्यांचा धूर ओढून आणला आणि ब्रिटनमध्ये भरदिवसा आभाळ तांबूस झालं. असं वादळ नकाशावर दिसलं की रोज नाही, दिवसातून दोनदा अंदाज बघा.

जिथे उन्हाळ्यानंतर पावसाळा आणि मग शरद येतो, तिथे बघायची खूण वेगळी आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची परती पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला सुरू होते. पाच दिवस पाऊस नाही, हवेतली आर्द्रता उतरली, वारे उलटे फिरले, की परती जाहीर होते. तिला आठ-दहा दिवस उशीर झाला तर शरदाच्या नकाशातला सप्टेंबर ओल्या बाजूला गेलाच समजा.

९. ठरवायचं कसं

समजा छताला बारीक गळती आहे. आत्ता दुरुस्त केलं तर दोन दिवस जातील. न करता शरद ओला निघाला तर आतलं सामान भिजेल, आणि ते नुकसान दुरुस्तीच्या चौपट आहे. चौपट नुकसान म्हणजे ओल्याची शक्यता २५ टक्क्यांच्या वर गेली की दुरुस्ती करणं पदरात पडतं. नकाशा तुमच्या भागात ओल्या ढिगाला ४५ टक्के देतो आहे. दुरुस्ती करा. नकाशा पांढरा असता, तिन्ही सारखे ३३, तरी करा. इतकंच काय, त्याने ‘कोरड्याकडे कल’ दाखवला आणि ओल्याला २८ टक्के उरले, तरीही करा. आता उलट बाजू. नुकसान दुरुस्तीच्या जेमतेम दीडपट असतं, तर ६७ टक्क्यांपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं, आणि ऋतूचे नकाशे इतक्या वर फार क्वचित जातात. म्हणजे आपला खर्च आणि आपलं नुकसान आधी मांडायचं, टक्के मग बघायचे.

तारखेवर अडलेले निर्णय, उघड्यावरचा एका दिवसाचा कार्यक्रम, प्रवासाचा नेमका दिवस, हे ऋतूच्या नकाशावर ठरवू नका. त्यांच्यासाठी पाच दिवसांचा अंदाज.

१०. ३० नोव्हेंबरला वही पुन्हा उघडा

तीन महिन्यांचा एकूण पाऊस आणि सरासरी तापमान लिहा. पावसाची एकतिसावी चिठ्ठी करा आणि ती तीन ढिगांपैकी कुठे जाते ते बघा. शेजारी ऑगस्टअखेरचा रंग आणि टक्के लिहा, त्या वेळची मातीची ओल, समुद्राचा फरक आणि प्रशांत महासागराची स्थिती लिहा. एका वर्षात अंदाज बरोबर आला की चुकला हे ठरत नाही. ४० टक्के म्हटलेल्या दहा शरदांपैकी चार तसे निघाले तर अंदाज चोख होता. त्यासाठी वहीत पुढची पानं कोरी ठेवा.